ज्या संघाला सभासदांची यादी नाही

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा कामगार चळवळीच्या इतिहासावर काही सांगावे, अशीच त्यांची अपेक्षा असणार. तीस वर्षे युनियनच्या कचेरीत काढलेल्या माणसाकडून दुसरे काय मागायचे? आम्ही मात्र विषय कळवला तो असा : दारू, अफू, गर्द यांच्या नादातून सुटू पाहणारी माणसे एकमेकांच्या आधारासाठी मंडळे काढून बसतात, त्या मंडळांत येते कोण? हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतून सुचला आहे, म्हणून ती चूक आधी सांगितलेली बरी.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक सभासद लेथवर होता. हात मोठा सफाईचा. गैरहजेरीच्या कारणावरून त्याला कामावरून काढले. खात्याच्या चौकशीत नियम पाळले गेले नव्हते, ते आम्ही कामगार न्यायालयात दाखवून दिले आणि मागील पगारासह त्याला परत कामावर घ्यायला लावले. फाटकावर गुलाल उधळला. मागील पगाराची रक्कम चार महिन्यांत संपली. कशात संपली ते सांगायला नको. वर्षाच्या आत तो गेला. त्याची बायको फंडाच्या कागदावर सह्या करायला कचेरीत आली होती. जाताना म्हणाली, "भाऊ, तुम्ही नोकरी परत आणलीत. माणूस आणायचा राहिला."

त्यानंतर काही महिन्यांनी दोन अनोळखी गृहस्थ आले. आठवड्यातून एक संध्याकाळ कचेरीच्या मागची खोली मिळेल काय, भाडे देऊ, असे म्हणाले. नादातून सुटलेली आणि सुटू पाहणारी माणसे तिथे बसून बोलतील, एवढेच काम. आम्ही सवयीप्रमाणे विचारले, "सभासद किती? यादी द्या. अध्यक्ष कोण, चिटणीस कोण?" ते म्हणाले, यादी नाही आणि अध्यक्षही नाही. ज्यांची यादी नाही ती माणसे खोलीत काय करतील याचा भरवसा कोणी द्यायचा? आम्ही खोली नाकारली. ते नमस्कार करून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो नव्हता हेच आम्हांस पुढे बरेच दिवस बोचत राहिले. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पण नगर वाचनालयाची वर्गणी कधी चुकवलेली नाही, आणि जवळ शब्दकोश ठेवून इंग्रजी वाचण्याची सवय आहे. तेव्हा ही बिनयादीची मंडळे आली कुठून, ते शोधू लागलो.

शोध जाऊन पोहोचला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, १८४० साली. एप्रिल महिन्यात तिथल्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी दारू सोडण्याचे ठरवले आणि वॉशिंग्टनच्या नावाने संघ काढला. हे सहाजण कोण होते? एक शिंपी, एक सुतार, दोन लोहार, एक गाड्या बांधणारा आणि एक चांदीचे काम करणारा. सगळे हातावर पोट असलेले कारागीर. हे वाचून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो, हे कबूल करतो. त्यांची रीत साधी होती. प्रत्येकाने आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगायची आणि पुढच्या खेपेस एक नवा पिणारा बरोबर आणायचा. दोन वर्षांत हे लोण देशभर पसरले. स्त्रियांनी मार्था वॉशिंग्टनच्या नावाने आपले निराळे संघ काढले. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड गावी या संघापुढे एका तरुण वकिलाचे भाषण झाले. त्याचे नाव अब्राहम लिंकन. उपदेशक, वकील आणि पगारी प्रचारक जे करू शकले नाहीत ते कालपरवापर्यंत पिणाऱ्याने केले, कारण ऐकणाऱ्याला तो आपल्यातला वाटतो, असा त्या भाषणाचा रोख होता.

आणि तरी हा संघ थोड्याच वर्षांत विरघळला. त्यात कोण नव्हते? कधी थेंबही न प्यालेले सद्गृहस्थ आले, धर्मोपदेशक आले, राजकारणी आले. दारूबंदीचा कायदा करावा की नाही यावर भांडणे जुंपली, आणि ज्याच्यासाठी संघ काढला तो पिणारा मागच्या बाकावर गेला. आमच्या चळवळीत याला 'बाहेरचे पुढारी' म्हणतात. आज आम्हीही कोणत्या यंत्रावर उभे नसतो, म्हणजे बाहेरचेच. तेव्हा हे वाक्य जपून लिहीत आहोत.

अफूची कथा दारूहून वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अफू-मॉर्फिनच्या आहारी गेलेल्यांत मोठा भरणा होता तो बऱ्या घरच्या स्त्रियांचा. डॉक्टरांनी दुखण्यावर दिलेले औषधच त्यांना चिकटले होते. शेजारी त्यांना आजारी समजत. १९१४ साली हॅरिसन कायदा आला. १९१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, केवळ सवय भागावी म्हणून डॉक्टरने औषध लिहून देणे हे वैद्यकीय काम नव्हे. दवाखान्याचे दार बंद झाले आणि माल चोरट्या बाजारात गेला. पुढच्या पिढीत नादी माणूस म्हटले की डोळ्यांपुढे येऊ लागला तो शहराच्या गरीब वस्तीतला तरुण, आणि त्याच्यामागे पोलीस. विष तेच होते, पण माणसाची जात बदलली आणि त्याबरोबर समाजाची नजरही बदलली.

१९३५ साल या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी मे महिन्यात केंटकी राज्यात लेक्सिंग्टनजवळ सरकारने अफूच्या नादी लोकांसाठी एक अवाढव्य संस्था उघडली. तुरुंग आणि इस्पितळ एकाच छपराखाली, भोवती सुमारे हजार एकर शेती. शिक्षा झालेले कैदी तिथे असत आणि आपल्या पायाने आलेलेही असत. तिथून सुटलेले बहुतेक पुन्हा नादाला लागत. जून महिन्यात ओहायोतल्या ॲक्रन गावी शेअर बाजारातला बिल विल्सन आणि शल्यवैद्य डॉ. बॉब स्मिथ हे दोन पिणारे एकमेकांच्या आधाराने कोरडे राहिले, आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे निनावी मद्यपी, या मंडळाची सुरुवात झाली. दारुड्यांसाठी दोन सद्गृहस्थांनी घराचे दार उघडले. अफूबाजांसाठी सरकारने लोखंडी गज बसवले.

या निनावी मंडळाचे दारही आरंभी सताड उघडे नव्हते. १९३९ साली त्यांनी पुस्तक काढले, त्याच्या पहिल्या पानावर शंभराहून अधिक पुरुष बरे झाल्याचे सांगितले होते. बायका त्यांत येऊ लागल्या होत्या, पण पानावर त्यांना जागा नव्हती. ठिकठिकाणचे गट कोणाला घ्यावे आणि कोणाला नको याचे आपापले नियम करीत. मुख्य कचेरीने एकदा हे सारे नियम मागवले. ते सगळे एकदम लागू केले तर मंडळात एकही माणूस येऊ शकला नसता, असे आढळले! आमच्या युनियनची पहिली घटना आम्हांस आठवते. फार निराळी नव्हती. अखेर १९५० साली क्लीव्हलंडच्या मेळाव्यात त्यांनी आपली बारा तत्त्वे मान्य केली. त्यांतले तिसरे असे की, सभासद होण्यास अट एकच : पिणे थांबवण्याची इच्छा. सातवे असे की, बाहेरचा पैसा घ्यायचा नाही. जे बसतील त्यांनीच टोपीत काय ते टाकावे. कामगार युनियनला याहून अवघड तत्त्व नाही, हे कोणताही खजिनदार सांगेल.

मग अफू-हेरॉइनवाल्यांचे काय? १९४७ साली लेक्सिंग्टनच्या त्या संस्थेत निनावी मद्यपींपैकी एकाच्या खटपटीने कैद्यांचा एक गट बसू लागला. तिथून बाहेर पडलेल्या डॅनी कार्लसनने १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये तसा गट चालवला. पण आज जे मंडळ जगभर पसरले आहे त्याचे मूळ १९५३ सालच्या कॅलिफोर्नियात आहे. जिमी किनन हा स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला माणूस. निनावी मद्यपींत बसून तो सावरला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी निराळा गट काढला आणि मद्यपींच्या मंडळाकडे परवानगी मागितली. उत्तर आले, आमच्या पायऱ्या घ्या, आमचे नाव घेऊ नका. मग नाव ठरले 'नार्कोटिक्स ॲनॉनिमस'.

इथे एका शब्दावर थांबले पाहिजे. मद्यपींच्या पहिल्या पायरीत 'दारूपुढे आम्ही हतबल आहोत' अशी कबुली होती. नव्या गटाला 'दारू'च्या जागी 'हेरॉइन' घालता आले असते. मग गांजावाला, गोळ्या खाणारा, सुई टोचून घेणारा या प्रत्येकासाठी निराळे मंडळ काढावे लागले असते. त्यांनी शब्द घातला 'आमचे व्यसन'. पदार्थाचे नाव गेले, आणि एका शब्दाने दार रुंद झाले. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात 'कामगार' या शब्दाची एक व्याख्या होती. तिच्यावर आमच्या उमेदीची किती वर्षे कोर्टात गेली! सुपरवायझर आत की बाहेर, कंत्राटी मजूर आत की बाहेर? शब्दात कोण मावतो यावर पोट अवलंबून असते, हे आम्हांस कोणी शिकवायला नको होते.

आता यादीविषयी. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नाद असणे हाच गुन्हा मानणारे कलम होते. पदार्थ जवळ सापडला पाहिजे असे नाही. नादी असणे पुरे. पुढे त्याखाली निदान ९० दिवसांची कैद होती. १९६२ साली रॉबिन्सन नावाच्या माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले : आजारी असणे हा गुन्हा ठरवता येत नाही. म्हणजे १९५३ साली जे एकत्र बसले त्यांची यादी कोणी ठेवली असती, तर ती आयतीच पोलिसांच्या कामाची झाली असती. आज या घरी, उद्या त्या घरी अशा बैठका होत. आत शिरण्याआधी माणसे गाडीने गल्लीला फेरी मारीत, पाळतीवर कोणी आहे काय ते पाहत. येणारे इतके थोडे की १९५९ च्या सुमारास काही महिने बैठकाच बंद पडल्या होत्या. किनन आणि दोघा-तिघांनी त्या पुन्हा सुरू केल्या. आम्ही ज्या दोघांकडे यादी मागितली, त्यांच्या 'नाही'मागे एवढा इतिहास होता. आणि आमच्या गावात तरी निराळे काय आहे? गर्द ओढत होता हे कळल्यावर मुलाला कामावर कोण ठेवील, मुलगी कोण देईल?

यादी आणि पुढारी असला म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. १९५८ साली त्याच कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक याने 'सिनॅनॉन' काढले. तिथे शिस्त होती, राहण्याची सोय होती आणि शब्द झेलावा असा पुढारी होता. शेवट त्या पुढाऱ्याच्या एकतंत्री कारभारात आणि फौजदारी खटल्यांत झाला.

आपल्याकडे निनावी मद्यपींच्या बैठका १९५७ साली मुंबईत सुरू झाल्या. गर्दचा शिरकाव झाला तो १९८० नंतर. त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गर्द ही बेकारांच्या चाळीची पीडा, असे म्हणून पुष्कळांनी हात झटकले. ते कॉलेजांच्या वसतिगृहांतही होतेच. अनिल अवचट यांनी 'गर्द' लिहिले ते हे पाहून. १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी हात दिला. तिथे उपचार घेऊन सुटलेलीच कितीतरी माणसे पुढे तिथे समुपदेशक झाली. लिंकनने म्हटले ते हेच नव्हे काय? नार्कोटिक्स ॲनॉनिमसचे मूळ पुस्तक १९८३ साली निघाले, आणि थोड्याच वर्षांत भारतातही त्यांचे गट बसू लागले. आज इराणात त्यांचा पसारा फार मोठा आहे. ही माहिती आम्हांस मोठी नवलाची वाटली.

दार उघडे आहे म्हणून सगळे आत येतात असे मात्र नाही. बाई येत नाही. पुरुषाच्या व्यसनाने घराची लाज जाते, पण बाईच्या व्यसनाने बाईच जाते, असा हिशेब अजून आहे. पाळीचा कामगार येत नाही. बैठक सात वाजता, आणि दुसरी पाळी सुटते रात्री. त्यांच्या पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे. 'ज्याला जसा समजेल तसा' असे ते पुढे जोडतात, तरी आमच्यासारख्या लाल झेंड्याखाली वाढलेल्यांचे पाऊल तिथे अडखळते. न्यूयॉर्कमध्ये १९६४-६५ पासून मेथाडोन हे औषध देऊन हेरॉइन सोडवण्याचा उपचार सुरू झाला. त्या औषधावर असलेल्याला पुष्कळ गटांत बसू देतात, पण बोलू देत नाहीत. हे आम्हांस पटत नाही. मधुमेहवाल्याला इन्सुलिन सोडून या, असे कोणी म्हणत नाही. उलट १९८९ साली मायामीत व्यसनींसाठी वेगळे न्यायालय निघाले आणि पुढे तसल्या न्यायालयांनी हजेरीचा कागद हातात देऊन माणसे या बैठकांना धाडली. सक्तीने आलेल्याची 'इच्छा' कशी मोजायची? पण पहिल्या दिवशी स्वतःच्या इच्छेने युनियनच्या सभेला आलेला कामगार आम्ही तरी किती पाहिले? बहुतेकांना कोणीतरी हाताला धरून आणलेले असते. या मंडळांतही तसेच : कोणाला बायकोने, कोणाला आईने, कोणाला हवालदाराने आणि पुष्कळांना आधी सुटलेल्या एखाद्या जोडीदाराने.

ते दोन गृहस्थ आम्ही पुन्हा शोधून काढले. सोपे नव्हते, कारण नाव ठाऊक नव्हते. अखेर गावातल्या एका डॉक्टरांकडे निरोप ठेवला. तेव्हापासून मागची खोली शुक्रवारी संध्याकाळी त्यांची आहे, आणि महिन्यातून एक बैठक दुसरी पाळी सुटल्यावर रात्री होते. भाडे नको म्हटले तर ऐकत नाहीत. नाणी आणि दहा-दहाच्या नोटा एका डब्यातून आणून मेजावर मोजतात. आमच्या पावतीपुस्तकात 'कोणाकडून मिळाले' असा रकाना आहे. चिटणिसाने पहिल्यांदा विचारले, इथे काय लिहू? आम्ही म्हटले, शुक्रवार लिहा.