दोन लिबसींचा संसार

युनिक्स-सदृश प्रणालींच्या इतिहासात आवृत्त्यांच्या भांडणाची प्रकरणे पुष्कळ आहेत. त्यांतील एकच आम्हांला येथे विस्ताराने सांगावयाचे आहे. ते लिनक्सच्या ‘लिबसी’चे.

मेमरीत जागा मागणे, फाईल उघडणे, पडद्यावर अक्षर उमटविणे ही कामे प्रत्येक प्रोग्राम स्वतः करीत नाही. तो ती लिबसी नामक सामायिक लायब्ररीकडून करवून घेतो. ग्नू प्रकल्पाची लिबसी रोलंड मॅग्राथ यांनी आरंभिली. परंतु ग्नूची चाल लिनक्सच्या मंडळींना पुरेना, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. एच. जे. लू यांनी सांभाळलेली ही शाखा पाचव्या अंकापर्यंत आली. पुढे १९९७ साली ग्नूची २.० आवृत्ती निघाली. लिनक्सवर तिला ‘लिबसी ६’ हे नाव मिळाले. ती सरस होती, आणि लिनक्स मूळ घरी परतले.

परतणे मात्र सोपे नव्हते. समजा, नवा प्रोग्राम लिबसी ६ शी जोडून बांधला. पण खिडक्या रेखाटणारी त्याची लायब्ररी अजून लिबसी ५ शीच जोडलेली. प्रोग्राम सुरू होताच दोघी एकाच प्रक्रियेत शिरत. ‘मॅलॉक’ दोघींतही, हाक एकीला, तर ओ दुसरीची! एकीने तयार केलेली फाईलची नोंद दुसरीच्या हाती पडे, आणि सारे कोसळे. बांधणीच्या वेळी लिंकर नुसता इशारा देई, काम थांबवीत नसे. तेव्हा इशाऱ्याकडे कोण पाहतो? ‘एलडीडी’ चालविले की यादीत दोन्ही नावे दिसत. निदान तेथेच होई.

डेबियनच्या स्वयंसेवकांनी काढलेला तोडगा आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी जुन्याला हाकलले नाही. नव्याचे निराळे बारसे केले. ‘एक्सलिब६’ जुनीसाठी राहिले, नवी झाली ‘एक्सलिब६जी’. जुन्या लायब्ररी वेगळ्या डिरेक्टरीत गेल्या. जुन्यासाठी बांधणी करणाऱ्यास ‘ऑल्टजीसीसी’ हा स्वतंत्र कंपायलर दिला. २४ जुलै १९९८ रोजी डेबियन २.० ‘हॅम’ बाहेर पडले. (हॅम म्हणजे ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील डुकराच्या आकाराचा गल्ला, डेबियनची नावे तेथूनच येतात.)

हीच युक्ती २०२४ मध्ये पुन्हा उपयोगी पडली. १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांतील काळाची मोजणी संपते. ती ६४ बिटांची करताना डेबियनने शेकडो लायब्ररींच्या नावांपुढे ‘टी६४’ जोडले.