भिंतीच्या आधाराने

मी मोटारींतला जाणकार नव्हे. बॉनेट उघडलं की मला फक्त धूळ आणि वायरी दिसतात. तरी एका शर्यतीचा शेवटचा फेरा मी कितीदा पाहिला, मोजदाद नाही.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सविल नावाचं गाव आहे. तिथला शर्यतीचा ट्रॅक १९४७ सालचा. ‘स्टॉक कार’ म्हणजे मुळात दुकानातून घेतली तशी साधी गाडी. आता ते नावापुरतंच. १९४९ साली नॅसकार या संस्थेने अशा गाड्यांची मालिका सुरू केली. त्या वर्षीच्या ट्रॅकपैकी मुख्य मालिकेत टिकून राहिला तो हा एकटा. लांबी जेमतेम साडेआठशे मीटर. दोन लांब सरळ बाजू आणि टोकांना आखूड वळणं, म्हणजे ब्रेकशिवाय गत्यंतर नाही. विजेत्याला इथे चषक नाही, लंबकाचं उंच घड्याळ देतात!

३० ऑक्टोबर २०२२. पाचशे फेऱ्यांची शर्यत. पुढच्या रविवारी फिनिक्सला अजिंक्यपदाचा निकाल, आणि त्याच्या दावेदारीत चौघेच उरणार. शेवटचा फेरा सुरू झाला तेव्हा रॉस चॅस्टेन दहावा होता. फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या घरातला हा गडी. गुणांत डेनी हॅमलिनच्या पुढे जायला त्याला अजून दोन गाड्या ओलांडायला हव्या होत्या. शेवटच्या वळणावर सगळे ब्रेक लावत होते. याने पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला भिडवली, स्टिअरिंग सोडलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. चाकांनी घ्यायचं वळण भिंतीनेच घेतलं. घासत, फरफटत पाच गाड्या मागे पडल्या. हॅमलिनला तर अगदी रेषेपाशी गाठलं. फेरा १८.८४५ सेकंदांचा! स्टॉक कारने तिथे तोवर इतका वेगवान फेरा मारला नव्हता.

ही युक्ती त्याला लहानपणी भावाबरोबर खेळलेल्या व्हिडिओ गेममधून आठवली होती. गेममध्ये मोडलेली गाडी बटण दाबलं की पुन्हा मिळते. इथे भिंतीवर जाळी होती आणि जाळीमागे माणसं बसली होती.

हॅमलिनबद्दल मात्र मला वाईट वाटतं. दिवसभरात सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर तोच होता. घड्याळ जिंकलं ख्रिस्तोफर बेलने, पण त्याचं नाव किती जणांच्या लक्षात राहिलं असेल?

निकाल कायम राहिला. जानेवारी २०२३ मध्ये नॅसकारने सांगितलं, पुन्हा कुणी असं केलं तर सुरक्षेच्या जुन्याच नियमाखाली दंड होईल. मला ते पटलं. तरी तो फेरा मी अजून पाहतो, हेही कबूल करायला हवं.

६ नोव्हेंबरला फिनिक्सला चॅस्टेन तिसरा आला. अजिंक्यपद जोई लोगानोकडे गेलं.