दिवस मोजण्याची रीत आणि सोनोग्राफी

मानवी गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांचे शास्त्र दीर्घकाळ मृत नमुन्यांवर उभे होते. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या संग्रहाच्या अभ्यासातून या काळाचे २३ टप्पे ठरले, परंतु जिवंत गर्भ वाढताना कोणी पाहिला नव्हता. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरी पोटात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून चित्र उभे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात तीच सोनोग्राफी या नावाने रूढ झाली. पुढे १९७३ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय सांगण्याची रीत मांडली. शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सातव्या आठवड्यात ही लांबी सुमारे १ सेंटीमीटर असते आणि त्यानंतर ती दररोज साधारण १ मिलिमीटरने वाढते, म्हणून या वयातले अनुमान चार-सहा दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही.

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात मात्र गर्भाचे वय बाईच्या आठवणीवरच मोजले जात राहिले. त्या आठवणीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण अंगावर पाजत असताना, पाळी परत येण्याआधीच पुन्हा दिवस गेले, तर मोजणीला आरंभच सापडत नाही. गर्भाचे वय नेमके ठाऊक असण्याचे मोल डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून उमजते. गडचिरोलीतील ३९ गावांत १९९५-९६ मध्ये पाहिलेल्या नवजात बालकांपैकी सुमारे ४२ टक्के कमी वजनाची, तर सुमारे १० टक्के अपुऱ्या दिवसांची होती. वजन काट्यावर कळते; परंतु हलके मूल पोटात खुरटले की दिवस भरण्याआधी जन्मले, हे ठरवण्यास गर्भाचे खरे वय हाती असावे लागते.

हे वय सोनोग्राफीने कळते, पण तिच्यावर कायद्याची बंधने आहेत. गर्भाचे लिंग आधीच ओळखून मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले, तेव्हा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम गर्भलिंग-निदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. नोंदणीकृत केंद्र, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद करणारा ‘एफ’ नमुना आणि फिरत्या यंत्रांवरील निर्बंध ही त्याची अंगे होत. हा कायदा आवश्यकच होता आणि आहे. मात्र एक शारीरिक सत्य चर्चेत मागे पडते: आठव्या-नवव्या आठवड्यात मुलगा आणि मुलगी यांची बाह्य जननेंद्रिये सारखीच दिसतात, त्यामुळे वय सर्वांत अचूक सांगणारी ही तपासणी लिंग सांगूच शकत नाही.

२०१६ मध्ये सुरू झालेले प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी देते, पण ती चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींसाठी, म्हणजे वय सर्वांत अचूक कळण्याचा काळ उलटल्यावर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा तर तीही हुकते. कायद्याची चौकट जराही सैल न करता, पहिल्या तीन महिन्यांतील एक सोनोग्राफी या दोन जिल्ह्यांच्या तालुका रुग्णालयांत नेमाने मिळावी, अशी व्यवस्था शासनाने करावी.