ऑपरेशननंतरचे दिवस

आजाऱ्याजवळ राहून त्याचं सगळं करण्याला उर्दूत ‘तीमारदारी’ म्हणतात. ‘तीमार’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ काळजी. मराठीत आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. हा शब्द संस्कृतातला आणि त्याचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. एका भाषेने काळजीवर बोट ठेवलं, दुसरीने ऐकण्यावर. दोन्ही भाषा शिकवताना मला वाटतं, आजाऱ्याजवळ बसणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागतात. काळजी आपल्याकडे भरपूर असते. ऐकणं मात्र राहून जातं.

आपल्याच महाराष्ट्रातलं एक गाजलेलं ऑपरेशन या नजरेने पाहण्यासारखं आहे.

१९२२ च्या मार्चमध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याच्या तुरुंगात गेले. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात असह्य दुखू लागलं. अपेंडिक्स सुजलं होतं. १२ जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. त्याआधी गांधीजींनी श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं होतं. शास्त्री मवाळ पक्षाचे, असहकार चळवळीचे विरोधक. तरी अशा वेळी जवळ कोण हवं, हे आजाऱ्याने ठरवलं. ऑपरेशनला आपली संमती आहे, असं निवेदन तयार झालं आणि गांधीजींनी पेन्सिलीने त्यावर सही केली. बाहेर वादळ होतं. मध्येच वीज गेली, नर्सच्या हातातला टॉर्चही विझला आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं.

गोष्ट सांगणारे बहुधा कंदिलापाशी थांबतात. पण कंदिलाच्या उजेडात झालं ते त्या एका रात्रीचं काम. त्यानंतर गांधीजी आश्रमात परतेपर्यंत मे महिना संपत आला होता.

त्या काळात अँटिबायोटिक औषधं नव्हती. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा. जखम चिघळली तर हातात फार काही नव्हतं. स्वच्छता, वेळेवर मलमपट्टी, झोप, हलका आहार आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी माणसं, हाच खरा इलाज. कस्तुरबा पुण्यात आल्या, धाकटा मुलगा देवदास आला, मित्र चार्ली अँड्र्यूज आले. परिचारिका तर रात्रंदिवस होत्याच, पण त्यांची नावं इतिहासात जवळजवळ सापडत नाहीत.

खाटेजवळ बसलेल्या कस्तुरबांनी त्याआधी पंधराएक वर्षं दक्षिण आफ्रिकेत हेच सगळं आजारी म्हणून भोगलं होतं. गांधीजींनी आत्मकथेत ते सविस्तर लिहिलं आहे. रक्तस्रावाने कस्तुरबा इतक्या खंगल्या होत्या की डर्बनच्या डॉक्टरांना क्लोरोफॉर्म न देताच ऑपरेशन करावं लागलं. त्यांनी ते सोसलं. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नीने त्यांना आपल्याच घरी ठेवून मनापासून सेवा केली. गांधीजी जोहान्सबर्गला गेले असताना त्यांची प्रकृती बिघडली. ताकद यावी म्हणून डॉक्टरांना गोमांसाचं सूप द्यायचं होतं. गांधीजी धावत डर्बनला आले आणि हे कस्तुरबांनाच विचारायला बसले. त्यांनी ठाम नकार दिला. डॉक्टर चिडले. माझ्या घरी राहायचं तर माझा इलाज चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी रिमझिम पावसात कस्तुरबांना फिनिक्स आश्रमात हलवलं. गांधीजींनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं आणि पुढच्या वाटेवर माणसांनी झोळीतून नेलं. वाटेत आजारी बाईच नवऱ्याला धीर देत होती, की मला काही होणार नाही.

यात डॉक्टरांचं काही चुकलं, असं मला वाटत नाही. त्यांना रोगी वाचवायचा होता. असा रोगी पावसात हलवणं धोक्याचंच होतं आणि आज कोणी तसं करू नये. पण एक गोष्ट लक्षात राहते. बाई अंथरुणावर होती, बोलायचीही ताकद नव्हती, तरी तिच्या ताटात काय पडावं हे तिला विचारलं गेलं. आपल्या घरांत अम्मीचं ऑपरेशन होतं तेव्हा निर्णय मुलगा घेतो, जावई घेतो, मामू घेतात. अम्मीला कोण विचारतं?

इकडे पुण्यात ५ फेब्रुवारी १९२४ ला सरकारने गांधीजींना बिनशर्त सोडलं, तरी जखमेमुळे ते ससूनमध्येच राहिले. दोनच दिवसांनी अंथरुणावरून त्यांनी काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना मुहम्मद अली यांना पत्र लिहिलं. त्यात हिंदू-मुस्लिम एकोप्याची चिंता होती. शरीर खाटेवर असलं तरी माणसाचं मन त्याच्या कामात असतं. ‘तुम्ही कशाचा विचार करू नका’ असं म्हणून आपण आजाऱ्याला घरातल्या प्रत्येक गोष्टीतून बाजूला काढतो. त्यातून तो लवकर बरा होतोच असं नाही, एकटा मात्र पडतो.

मार्चमध्ये विश्रांतीसाठी ते मुंबईजवळ जुहूला गेले. समुद्रकाठचा बंगला शेठ नरोत्तम मोरारजी यांचा होता. आपल्या सोलापुरात १८७७ ला सुरू झालेली जुनी मिल उभारणारे मोरारजी गोकुळदास यांचे हे चिरंजीव. तिथे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा दर्शनासाठी येऊ नका, अशी विनंती गांधीजींना वर्तमानपत्रांतून करावी लागली. पण त्याच बंगल्यात त्यांनी आश्रमातल्या आजारी माणसांना बोलावून घेतलं. वल्लभभाईंची मुलगी मणिबेन होती, मगनलाल गांधींची मुलगी राधा होती. स्वतः पुरते बरे न झालेले गांधीजी त्यांच्या आहाराकडे आणि औषधाकडे लक्ष देऊ लागले.

सोलापूरच्या दवाखान्यांत धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडून रुग्ण येतात. व्हरांड्यात चटई टाकून, डबा उशाशी घेऊन त्यांची माणसं झोपतात. बहुतेक बायकाच असतात, सून, मुलगी किंवा बहीण. रात्रभर सलाईनच्या बाटलीकडे पाहणाऱ्या त्या बाईला, तू जेवलीस का, हे विचारणारं बहुधा कोणी नसतं. आजाऱ्याला भेटायला जाणं हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे, हे आपण मुलांना शिकवतो. ते खरंच आहे. पण दहा जणांनी खाटेभोवती उभं राहून कोणाचं ऑपरेशन कसं बिघडलं ते सांगितल्याने तो हक्क अदा होत नाही. पाच मिनिटं बसावं, दुआ करावी आणि उठावं. जाताना तिथे बसलेल्या माणसाला म्हणावं, ‘आज रात्री मी थांबतो, तू घरी जाऊन झोप.’ हीसुद्धा इयादतच आहे.