विएतनामची विद्या : शिलालेखांपासून शेतापर्यंत

हनोई शहरांत वान मियू नांवाचें एक प्राचीन विद्यामंदिर आहे. ली वंशाच्या राजानें १०७० सालीं कन्फ्यूशिअसच्या स्मरणार्थ तें उभारलें, आणि १०७६ मध्यें त्याच्याच आवारांत राजपुत्रांच्या शिक्षणासाठीं शाळा सुरू झाली. पुढें सामान्य कुळांतील निवडक विद्यार्थ्यांनाही तिचें द्वार खुलें झालें. त्या आवारांत दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले ८२ शिलालेख आजही पाहावयास मिळतात. १४४२ पासून १७७९ पर्यंतच्या राजपरीक्षांत जे सर्वोच्च पदवीस पोंचले, त्यांचीं नांवें व गांवें त्यांवर कोरलेलीं आहेत. विद्वानाचें नांव दगडावर कोरून तो दगड दीर्घायुषी कासवाच्या पाठीवर ठेवणारा समाज विद्येस किती मान देत असेल, हें निराळें सांगावयास नको.

परंतु ती विद्या कोणती होती? चिनी लिपींतील प्राचीन ग्रंथ, काव्यरचना, राजनीति व आचारधर्म हे तिचे विषय. भातावरील कीड, हिवतापानें ओढवणारा मृत्यु, बाजारांतील धान्याचा भाव या गोष्टी त्या परीक्षेच्या कक्षेबाहेर होत्या. चौदाव्या शतकांतील तुए तिन्ह या बौद्ध भिक्षूनें आपल्या देशांतील माणसांस आपल्याच देशांतील वनस्पतींची औषधें द्यावीं, असा उपदेश केला होता खरा. पण असे लोक विरळा. विएतनामच्या अलीकडच्या शास्त्रीय संशोधनाचा इतिहास म्हणजे दगडावरची विद्या चिखलाच्या शेतापर्यंत कशी उतरली, याचा इतिहास होय. ती वाट सरळ नव्हती, आणि तींत माणसांचे प्राणही खर्ची पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेंचांनीं तो देश पादाक्रांत केला आणि त्यांच्याबरोबर पाश्चात्त्य शास्त्रही आलें. १८९१ सालीं आल्बेर काल्मेत यांनीं सायगॉन येथें पाश्चर संस्था काढली. अलेक्झांडर यर्सिन हे तरुण डॉक्टर याच सुमारास तेथें आले. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें प्लेगची सांथ सुरू असतां त्यांनीं त्या रोगाचा जंतु शोधून काढला, आणि पुढल्या वर्षीं न्याट्रांग या समुद्रकांठच्या गांवीं आपली प्रयोगशाळा थाटली. या माणसाचें नांव मुंबईच्या इतिहासांतही येतें. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईंत प्लेग सुरू झाला, तेव्हां १८९७ सालीं यर्सिन घोड्यांच्या रक्तापासून सिद्ध केलेली लस घेऊन मुंबईस आले. तिचा अपेक्षेप्रमाणें गुण आला नाहीं. त्यांच्यामागून पॉल लुई सिमों हे डॉक्टर आले, आणि त्यांनीं १८९८ मध्यें कराची येथें प्रयोग करून उंदरांवरील पिसवांमार्फत हा रोग पसरतो, असें दाखवून दिलें. ज्या सांथीनें मुंबईचे वाडे व चाळी ओस पाडल्या, तिचें मूळ उकलणाऱ्या शोधाचा एक धागा असा न्याट्रांगपर्यंत जाऊन पोंचतो.

यर्सिन यांनीं त्या देशांत रबराचीं व सिंकोन्याचीं झाडें लावलीं, आणि १९०२ मध्यें हनोईस निघालेल्या वैद्यकीय शाळेचे ते पहिले संचालक झाले. १९४३ सालीं न्याट्रांग येथेंच त्यांचा अंत झाला, व तेथील लोक त्यांची समाधि अद्याप आदरानें जपतात. मात्र एका थोर माणसाचें चरित्र म्हणजे राजवटीचें धोरण नव्हे. या वैद्यकीय शाळेंतून बाहेर पडणाऱ्या विएतनामी तरुणांस प्रारंभीं सहायक डॉक्टर एवढाच दर्जा मिळे. पूर्ण डॉक्टरची पदवी मिळण्यास कित्येक वर्षें लोटावीं लागलीं. शिक्षण सारें फ्रेंच भाषेंत. इकडे जुन्या राजपरीक्षा १९१९ मध्यें कायमच्या बंद झाल्या. अशा रीतीनें चिनी लिपींतली विद्या संपली व फ्रेंच भाषेंतली आली. स्वतःच्या भाषेंतली विद्या मात्र दूरच राहिली.

या भाषेच्या प्रश्नाचें महत्त्व मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाहीं. विएतनामी भाषेस आज जी रोमन लिपि आहे, तिची घडण सतराव्या शतकांतील जेसुइट मिशनऱ्यांनीं केली. त्यांच्यापैकीं अलेक्झांडर द ऱ्होड यांचा कोश १६५१ सालीं रोम येथें छापला गेला. हे गृहस्थ पूर्वेकडे जातांना गोव्यांत दोन वर्षांहून अधिक काळ राहिले होते. आणि त्याच गोव्यांत १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें होतें. मराठीनें पुढें आपली नागरी लिपि राखली; विएतनामनें परक्यांनीं दिलेली लिपि आपलीशी केली. पण लिपि मिळाली म्हणून परिभाषा मिळत नाहीं. ती उणीव होआंग सुआन हान या गणितज्ञानें ओळखली आणि १९४२ सालीं शास्त्रीय संज्ञांचा विएतनामी कोश प्रसिद्ध केला. १९४५ च्या सप्टेंबरांत स्वातंत्र्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हनोईचें विद्यापीठ पुन्हां उघडलें, तें विएतनामी भाषेंत शिकविण्याचा निश्चय करूनच. त्याच वर्षीं लाखों लोक दुष्काळानें प्राणांस मुकले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या निश्चयाचें मोल कळतें.

पुढें फ्रेंचांशीं युद्ध पेटलें आणि वैद्यकीय शाळेस उत्तरेकडील डोंगरांत आसरा घ्यावा लागला. बांबूच्या झोपड्यांत वर्ग भरत. दिवसां शिकवायचें, रात्रीं जखमींवर शस्त्रक्रिया करायच्या. तोन थात तुंग हे तेथील एक प्रमुख अध्यापक. विद्यार्थिदशेंत त्यांनीं २०० हून अधिक मृतदेहांचीं यकृतें हातानें उकलून आंतील रक्तवाहिन्यांची रचना अभ्यासिली होती. यकृतावर शस्त्र चालविलें तर रक्तस्राव आवरत नाहीं, अशी तेव्हां सर्वत्र धास्ती असे. तुंग यांनीं आंतील वाहिन्या शोधून त्या आधीं बांधण्याची पद्धति बसविली. यकृताचा रोगट भाग त्यामुळें थोड्या मिनिटांत काढतां येऊं लागला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत १९६३ सालीं ही पद्धति प्रसिद्ध झाली. ज्या देशास पुढारलेलीं राष्ट्रें विद्यार्थी समजत होतीं, त्याच्याकडून तीं कांहीं शिकलीं, अशी ही वेळ.

डांग वान न्गू यांची कथा याहूनही हृदयस्पर्शी आहे. हे डॉक्टर १९४३ मध्यें जपानला गेले व तेथें बुरशीच्या जातींचा अभ्यास करूं लागले. १९४९ सालीं ते मायदेशीं परतले आणि जंगलांतल्या प्रयोगशाळेंत त्यांनीं पेनिसिलिनयुक्त द्रव तयार केला. शुद्ध भुकटी करण्याचीं यंत्रें नव्हतीं, तेव्हां बुरशी वाढवून गाळलेलें पाणीच जखमांवर वापरावयाचें. पण त्यानें कित्येकांचे हातपाय व जीव वांचले. १९५७ मध्यें हनोईंत त्यांनीं हिवतापसंशोधन संस्था स्थापन केली. पुढें अमेरिकेशीं युद्ध जुंपलें, आणि त्रुओंग सोन पर्वतराजीच्या अरण्यांत सैनिकांस गोळीपेक्षां हिवतापाचें भय अधिक वाटूं लागलें. हनोईंत बसून या रोगाचा अभ्यास पुरा होणार नाहीं म्हणून न्गू स्वतः त्या अरण्यांत गेले, आणि १ एप्रिल १९६७ रोजीं बाँबवर्षावांत ठार झाले. त्याच वर्षीं, विएतनामच्या मागणीवरून, चीननें हिवतापावर नवें औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू केली. तींतूनच आर्टेमिसिनिन निघालें, व त्याबद्दल २०१५ सालीं तू योयो या चिनी विदुषीस नोबेल पारितोषिक मिळालें. एका रानांतल्या तापाची हांक जगाच्या औषधशास्त्रापर्यंत अशी पोंचली.

आतां शेतीकडे वळूं. उत्तर विएतनामचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या पाण्यांत अझोला नांवाचें लहानसें तरंगतें नेचें वाढवीत आले. त्याच्या पानांत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र धरून ठेवतात, हें शास्त्रानें पुढें सांगितलें. शेतकऱ्यांस त्याचा गुण आधींच ठाऊक होता. हें लोकज्ञान व प्रयोगशाळेचें ज्ञान यांची गांठ घालणारे शास्त्रज्ञ म्हणजे लुओंग दिन कुआ. जपानांत शिक्षण घेऊन ते परतले आणि १९५४ नंतर उत्तरेंत राहून दक्षिणेकडील व जपानी भातांच्या संकरानें त्यांनीं नवीं वाणें काढलीं.

दक्षिणेंत मेकाँगच्या खोऱ्यांत वो तोंग सुआन यांनीं याहून धाडसी प्रयोग केला. १९७५ सालीं युद्ध संपलें, आणि लवकरच तपकिरी तुडतुड्यांनीं भाताचीं शेतें करपवून टाकलीं. पूर्वीं टिकाव धरणारीं वाणेंही त्या किडीच्या नव्या जातीपुढें टिकेनात. सुआन हे कान्थो विद्यापीठांत अध्यापक. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेकडून त्यांनीं नव्या वाणांच्या कांहीं ग्रॅमांच्या पुड्या मागविल्या. त्यांपैकीं ‘आय. आर. ३६’ हें वाण किडीस पुरून उरलें. त्याच्या वंशावळींत उत्तर प्रदेशांतून नेलेलें एक रानभात व कटकच्या भातसंशोधन संस्थेंतील एक वाण होतें, ही भारतीयांस अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. पण मूठभर बियाणें लाखों शेतांत पोंचवावें कसें? सुआन यांनीं विद्यापीठाचे वर्ग बंद ठेवविले, विद्यार्थ्यांस रोपवाटिका करणें, शेत तयार करणें आणि एका जागीं एकच रोप लावणें एवढ्या तीन गोष्टी शिकविल्या, आणि प्रत्येकाच्या हातीं किलोभर बीं देऊन त्यांस गांवोगांव धाडलें. एका जागीं चार-पांच रोपें लावण्याऐवजीं एकच लावल्यानें थोडें बीं पुष्कळ जमिनीस पुरलें व पुढच्या हंगामाचें बियाणें तेथेंच झालें. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपेक्षां या चिखलांतील ओळींनीं त्या विद्यापीठाचें नांव अधिक मोठें केलें. १९९३ मध्यें सुआन यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. २०२४ सालीं ते निवर्तले.

तथापि बीं चांगलें असलें तरी पुरत नाहीं. पिकविणाऱ्यास त्याचें फळ मिळावें लागतें. विन्ह फुक प्रांताचे पक्षचिटणीस किम न्गोक यांनीं १९६६ मध्यें सामुदायिक शेतीची जमीन कुटुंबांस कराराने कसावयास दिली; उत्पन्न वाढलें, पण १९६८ मध्यें त्यांच्यावर ठपका येऊन तो प्रयोग बंद पडला. १९८१ मध्यें हीच कल्पना अंशतः मान्य झाली, आणि १९८८ च्या ठरावानें शेतकरी कुटुंबास जमीन कसण्याची खरी मोकळीक मिळाली. १९८६ मध्यें महागाई वर्षाला सातशे टक्क्यांहून अधिक वाढली होती आणि देश धान्य आयात करीत होता. १९८९ मध्यें त्याच देशानें सुमारें १४ लाख टन तांदूळ परदेशीं विकला. वरून आज्ञा येण्यापूर्वींच खालच्या लोकांनीं नियमांचीं कुंपणें कशीं ओलांडलीं, याच्या हकीकती डांग फोंग या अर्थशास्त्रज्ञानें जुनीं कागदपत्रें पाहून आणि माणसांस भेटून जमविल्या. व्यापार व अर्थव्यवहार हाही त्या देशांत अभ्यासाचा विषय झाला, तो पुस्तकी सिद्धांतांपेक्षां या अनुभवांच्या जोरावर.

शेवटीं वनांची गोष्ट. १९६१ ते १९७१ या काळांत अमेरिकन विमानांनीं त्या देशावर ७ कोटि लिटरांहून अधिक वनस्पतिनाशक द्रव फवारला. त्यांतील डायॉक्सिन या विषाचा यकृताच्या कर्करोगाशीं संबंध असावा, असें मत पूर्वोक्त तोन थात तुंग यांनींच मांडलें. वो क्वी हे पक्षितज्ज्ञ. पांखरांचा शोध घेतां घेतां पांखरेंच नसलेलीं अरण्यें त्यांच्या दृष्टीस पडलीं, आणि त्यांनीं उरलेलें आयुष्य निसर्गाच्या पुनर्वसनास वाहिलें. १९८५ सालीं हनोई येथें त्यांनीं पर्यावरण-अध्ययनाचें केंद्र काढलें. सायगॉनजवळच्या कान झो येथील खारफुटीचें जंगल जवळजवळ नष्ट झालें होतें. १९७८ पासून दक्षिण टोंकावरील का माउ येथून खारफुटीच्या अंकुरलेल्या शेंगा आणून त्या हातांनीं चिखलांत रोवण्यांत आल्या. वीस-बावीस वर्षांत तेथें पुन्हां वन उभें राहिलें, व २००० सालीं युनेस्कोनें त्यास राखीव जीवावरणाचा मान दिला. मारलेलें वन पुन्हां जिवंत करतां येतें, हा धडा जगास त्या चिखलानें दिला.

आज विएतनामच्या विद्यापीठांचीं नियतकालिकें शेती, वैद्यक, पर्यावरण व व्यापार या सर्व विषयांवरील निबंधांनीं भरलेलीं असतात. २००८ पासून कार्य करूं लागलेल्या राष्ट्रीय विज्ञाननिधीनें आंतरराष्ट्रीय मासिकांत प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनास मदतीची अट म्हणून महत्त्व दिलें, आणि इंग्रजींत लिहिण्याची चढाओढ लागली. याचा लाभ उघड आहे. जगाच्या कसोटीस उतरलेंच पाहिजे. पण धोकाही तितकाच उघड आहे. चिनीनंतर फ्रेंच, फ्रेंचनंतर इंग्रजी, असा केवळ परक्या भाषांचा फेरा फिरला, तर होआंग सुआन हान यांचा कोश आणि डोंगरांतली ती शाळा व्यर्थ गेली असें होईल. कान्थोच्या विद्यार्थ्यांनीं नेलेलें बीं शेतकऱ्यानें घेतलें, कारण तें त्याच्या बोलींत त्याला समजावून सांगितलें होतें.

वान मियूच्या कासवांवरील नांवें आतां कोणी फारशीं वाचीत नाहीं. डांग वान न्गू यांचें नांव त्या ओळींत नाहीं, आणि किलोभर बीं डोक्यावर घेऊन पायवाटेनें गेलेल्या विद्यार्थ्यांचीं नांवें तर कोठेंच कोरलेलीं नाहींत. त्यांची नोंद पिकलेल्या शेतांत, बऱ्या झालेल्या माणसांत आणि पुन्हां उभ्या राहिलेल्या वनांत आहे. विद्येचा शिलालेख असाही असूं शकतो, आणि त्याला कासवाच्या आयुष्याची गरज पडत नाहीं.