फी भरली होती का? चुकीचे निदान, कायदा आणि यवतमाळचा फवारणी मजूर

१९२९ सालची गोष्ट आहे. काठेवाडात अस्पृश्यांच्या मुलांना शिकवणारा एक शिक्षक होता. त्याची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. छाती भरून आली, श्वास लागेना. तो डॉक्टरकडे धावला. डॉक्टर म्हणाला, अस्पृश्याच्या घरी येणार नाही. शिक्षकाने नगरशेठचे पाय धरले. नगरशेठने डॉक्टरच्या दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा डॉक्टर आला, तोही वस्तीच्या बाहेरच थांबण्याच्या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाला दिला, शिक्षकाने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. रात्री आठच्या सुमारास दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने निदान केले, न्यूमोनिया. नाडी पाहिली नाही, छाती तपासली नाही. औषध पाठवून दिले. पुढे फी हातात पडूनही तो पुन्हा आला नाही. ती बाई मेली.

शिक्षकाचे हे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले. बाबासाहेबांनी ते आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवले. त्यांचा रोख स्पष्ट होता. हा माणूस शिकलेला होता, डॉक्टर होता, आणि तरीही आपल्या पेशाचे नीतिनियम बाजूला ठेवताना त्याच्या मनाला काहीच टोचले नाही.

ही कहाणी आपण अस्पृश्यतेची कहाणी म्हणून वाचतो. ती तशी आहेच. पण ती चुकीच्या, अपुऱ्या निदानाचीही कहाणी आहे. रुग्णाला हात न लावता केलेले निदान हे निदानच नव्हे. मग प्रश्न असा की, त्या शिक्षकाने दाद कुठे मागायची होती? आणि आज यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या मजुराच्या बायकोने कुठे मागायची? या जवळपास शंभर वर्षांत कायदा किती पुढे आला आणि कुठे अडला, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे.

डॉक्टरचे कर्तव्य कोर्टाने कधी सांगितले?

स्वतंत्र भारतातला पायाभूत निकाल महाराष्ट्रातलाच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले आणि तिथे उपचारादरम्यान त्याचा मृत्यू झाला. बापाने दावा लावला. तो 'लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला १९६८ मध्ये. भरपाई किती? ३,००० रुपये. पण कोर्टाने जे सांगितले ते मोलाचे होते. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार देताना, तिन्ही वेळी डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपले कार्यकर्ते इथेच चुकतात. निदान चुकले म्हणजे हलगर्जीपणा झाला, असे कायदा मानत नाही. वैद्यकशास्त्रात चूक होऊ शकते. कोर्ट पाहते ते हे: त्या परिस्थितीत साधारण कुशल डॉक्टरने जी तपासणी केली असती, ती केली होती का? लक्षणे समोर असताना दुर्लक्ष केले का? उपचाराचा गुण येत नाही हे दिसूनही फेरविचार केला नाही का?

याचे चांगले उदाहरण २०१० सालच्या 'व्ही. किशनराव' निकालात आहे. आंध्र प्रदेशातील एका बाईला मलेरियाचा ताप होता, हैदराबादच्या खासगी रुग्णालयात उपचार झाला टायफॉइडचा. ती दगावली. जिल्हा ग्राहक मंचाने २ लाख रुपये भरपाई दिली. वरच्या आयोगांनी तज्ज्ञाची साक्ष नाही म्हणून ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली आणि सांगितले की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही. जिथे कागदपत्रेच बोलतात, तिथे ती पुरेशी आहेत. दुसऱ्या डॉक्टरला आपल्या बाजूने उभे करण्याची ऐपत नसलेल्या माणसासाठी हा फार मोठा दिलासा आहे.

दरवाजा उघडला, पण कोणासाठी?

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. डॉक्टर त्यात येतात का, यावर वाद झाला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की येतात. वर्तमानपत्रांनी या निकालाचे स्वागत केले. रुग्ण हा ग्राहक झाला.

पण निकालातली पुढची ओळ आपल्या वस्तीपर्यंत पोहोचली नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतो, ते रुग्णालय या कायद्याच्या बाहेर. केसपेपरसाठी भरलेले चार पैसे म्हणजे फी नव्हे. याचा अर्थ काय? पैसे मोजून उपचार घेणाऱ्याला स्वस्त आणि त्यातल्या त्यात लवकर मिळणारा न्याय. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात रांगेत उभा राहणारा मात्र ग्राहकच नाही. १९२९ साली डॉक्टरने आधी जात विचारली आणि मग फी. १९९५ नंतर कायदा जात विचारत नाही, पण पहिला प्रश्न विचारतो तो हाच: फी भरली होती का? आणि या देशात फी भरू न शकणारे कोण आहेत, हे काय वेगळे सांगायला हवे?

ही निकालपत्रावर आंधळी टीका नाही. ग्राहक कायदा हा खरेदी-विक्रीचा कायदा आहे, त्याची मर्यादा तिथेच आहे. चूक आपली की आपण त्यालाच एकमेव वाट मानून बसलो. दुसरी वाट त्याच सुमारास उघडली होती.

गरिबांच्या दोन निकालांची आठवण

१९६३ साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. ताप उतरेना, पोट दुखायचे थांबेना. काही दिवसांनी पुन्हा पोट उघडले तेव्हा आत कापडाचा बोळा सापडला. तोवर उशीर झाला होता. कुटुंबाने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते काढून घेतले. त्याचे एक कारण असे दिले की, रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम आहे, त्यातल्या चुकीसाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही. राजा चुकत नाही, ही इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली समजूत!

२० फेब्रुवारी १९९६ रोजी 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती समजूत मोडली. रुग्णालय चालवणे हे कल्याणकारी काम आहे, सार्वभौम अधिकार नव्हे, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारने दिली पाहिजे, असे सांगून ते ३६,००० रुपये कायम केले. १९६३ ते १९९६. तेहेतीस वर्षे!

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ६ मे १९९६ ला, 'पश्चिम बंग खेत मजदूर समिती'चा निकाल आला. रेल्वेतून पडलेल्या एका माणसाला कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले होते. कोर्टाने सांगितले की वेळेवर उपचार नाकारणे हा घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. हा लढा लढला कोणी? शेतमजुरांच्या संघटनेने. एकट्यादुकट्याने नव्हे, संघटनेने.

म्हणजे मोफत उपचार घेणारा माणूस उघड्यावर नाही. तो ग्राहक नसेल, पण नागरिक आहे. आणि नागरिकाचे हक्क बाबासाहेबांनी कोणाच्या पावतीवर अवलंबून ठेवलेले नाहीत.

यवतमाळ, २०१७

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. २०१७ च्या खरिपात कपाशी डोक्यापेक्षा उंच वाढली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्यांच्या तोंडावर, अंगावर विष उडत होते. उलट्या, घाम, अंधुक दिसणे, श्वास कोंडणे. जिल्ह्यात सुमारे ८०० जणांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जण दगावले. त्यांत छोटे शेतकरी होते, रोजाने दुसऱ्याच्या शेतात फवारणारे भूमिहीन मजूरही होते.

अशा रुग्णात निदानाची एक महत्त्वाची तपासणी असते, रक्तातील कोलिनेस्टरेजची. ऑर्गनोफॉस्फेट गटातील विष शरीरात गेले की हे द्रव्य घटते. किती घटले यावरून विषबाधेचा अंदाज येतो. तीच तपासणी करण्याची सोय त्या वेळी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नव्हती. ज्या जिल्ह्याचे पीकच कापूस, ज्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात फवारणी, तिथे! डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करत राहिले. शिवाय शेतकरी दोन-तीन औषधे एकत्र करून मारत होते, आणि सगळीच औषधे त्या एका गटातली नसतात. बाटली सोबत नसेल तर डॉक्टरला नेमके कशाशी लढायचे हेच कळत नाही.

इथे दोष एका डॉक्टरचा आहे का? नाही. रात्रंदिवस राबणाऱ्या निवासी डॉक्टरला धरून काय मिळणार? दोष आहे तपासणीची सोय न करणाऱ्या राज्याचा. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले, नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालली, सरकारने मृतांच्या वारसांना २ लाख रुपये जाहीर केले. पण मदत ही सरकारची दया असते, भरपाई हा हक्क असतो. हा फरक आपण ठसवला नाही.

आणि यातली सगळ्यात कडू गोष्ट ही. तपासणी झाली नाही म्हणजे निदान राहिले, आणि निदान राहिले म्हणजे पुरावाही राहिला. वेळ गेल्यावर रक्तातली खूण पुसट होते. ज्या व्यवस्थेने तपासले नाही, तीच उद्या म्हणते, विषबाधेचा कागद दाखवा.

२०२० साली बाधित कुटुंबांची दाद स्वित्झर्लंडपर्यंत गेली. ५१ कुटुंबांच्या वतीने तिथल्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार झाली. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध बाझल येथे भरपाई मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. तिथेही सगळे भांडण एका प्रश्नापाशी येते: त्या दिवशी पंपात कोणते औषध होते? उत्तराला आधार आहे तो पोलिसांनी त्या काळात केलेल्या नोंदींचा. कागदाची ताकद ही अशी असते.

आज कोणत्या वाटा आहेत?

खासगी दवाखान्यात पैसे भरले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या नव्या कायद्यातून डॉक्टर वगळले गेले असा प्रचार झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो दावा फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते कायम केले. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत २ वर्षे. ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत ठेवतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहकच ठरतो. विमा कंपनीने पैसे भरले तरी ती फीच, असे शांता निकाल सांगतो. जनआरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयात झालेल्या उपचाराबाबत याच तत्त्वाचा आधार घेऊन मांडणी करता येते.

सरकारी रुग्णालय असेल तर दिवाणी दावा, खोडवा निकालाच्या आधारे. त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मृत्यू झाला असेल तर मुदत २ वर्षेच धरून चला. जिथे सोयच नव्हती, जिथे अनेकांचे एकसारखे नुकसान झाले, तिथे कलम २१ खाली नागपूर खंडपीठात रिट याचिका.

डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, मात्र तिथे भरपाई मिळत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालाप्रमाणे घोर हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि दुसऱ्या डॉक्टरचे स्वतंत्र मत लागते. ती वाट अरुंद आहे. जातीमुळे दवाखान्यात येऊ दिले नाही, तर प्रश्न हलगर्जीपणाचा राहतच नाही. तो अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे शब्द त्यात स्पष्टपणे आले आहेत.

वकिलाचे पैसे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे. आपल्यापैकी किती जण तिथे कधी गेले आहेत?

आपले काम

रुग्ण दगावला की जमाव जमतो, काचा फुटतात. त्यातून विधवेला एक रुपया मिळत नाही. उलट २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने वस्तीतली पोरे अजामीनपात्र गुन्ह्यात आत जातात. बाबासाहेबांनी आपल्याला संविधानाची वाट दिली आहे, ती चालायला कागद लागतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून कागद जमवा. केसपेपर, रेफर चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या. रुग्णाने किंवा नातेवाइकाने लेखी मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मागणीच्या अर्जाची पोच घ्या. किती वाजता नेले, डॉक्टर किती वाजता आले, कोणती तपासणी सांगितली आणि कोणती झाली नाही, हे वहीत त्याच रात्री लिहा. विषबाधा असेल तर बाटली फेकू नका, रुग्णासोबत न्या आणि तिच्या लेबलचा फोटो काढा. मृत्यू झाला तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका.

झरी-जामणी असो, मारेगाव असो की उमरखेड, आपल्या प्रत्येक शाखेत हे काम जाणणारे दोन तरुण आणि दोन तरुणी तरी असावेत. फवारणीचा हंगाम जुलैपासून सुरू होतो. त्याआधी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका: आपल्या तालुक्यातला रुग्ण जिथे रेफर होतो, तिथे कोलिनेस्टरेजची तपासणी आज होते का? उत्तर येईल ते जपून ठेवा. 'नाही' असे आले, तर उद्याच्या याचिकेचे पहिले पान तेच असेल.

जय भीम! जय संविधान!