कंपनीचा संघ ते फ्रँचायझी : मुंबईच्या फुटबॉल क्लबांची वाटचाल

अमेरिकेत 1996 साली सुरू झालेल्या मेजर लीग सॉकर या व्यावसायिक स्पर्धेत क्लब हा फ्रँचायझी, म्हणजे शहराच्या नावाने संघ चालवण्याचा मोल देऊन घेतलेला हक्क असतो आणि तळाला राहिलेल्या संघाचीही खालच्या श्रेणीत घसरण होत नाही. भारतात 2014 साली आठ संघांनिशी सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने हीच घडण स्वीकारली आणि मुंबई सिटी एफसी हा क्लब तिच्यातूनच जन्माला आला. त्याच्या यशाचे स्वरूप समजून घ्यायचे, तर मुंबईत त्याआधी क्लब कोणाच्या जिवावर चालत होते, हे पाहणे आवश्यक ठरते.

मुंबईत रोव्हर्स कप ही स्पर्धा 1891 पासून खेळली जात असली, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराचा फुटबॉल मुख्यतः टाटा, मफतलाल, एअर इंडिया आणि रेल्वे यांच्यासारख्या आस्थापनांनी पोसला. खेळाडू कोट्यातून, म्हणजे खेळातील कर्तबगारीवर राखीव जागेत नोकरीला लागे, महिन्याचा पगार घेई आणि कूपरेजच्या मैदानावर आस्थापनेच्या नावाने उतरे. त्यामुळे त्याच्या चरितार्थाचा प्रश्न सुटला, परंतु संघाचे आयुष्य मात्र व्यवस्थापनाच्या मर्जीशी बांधले गेले.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक यश म्हणजे 1962 साली स्थापन झालेला आणि पुढे महिंद्रा युनायटेड या नावाने ओळखला गेलेला संघ होय. ड्युरँड कपसारख्या जुन्या स्पर्धा जिंकलेल्या या संघाने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 च्या हंगामात राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले. असे करणारा तो मुंबईचा पहिलाच क्लब ठरला. अवघ्या चार वर्षांनी, 2009-10 चा हंगाम संपताच, कंपनीने शालेय फुटबॉलकडे वळण्याचे ठरवून हा संघ बंद केला. 2007 साली सुरू झालेला मुंबई एफसी राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये टिकून होता. मात्र 2016-17 मध्ये तो तळाला जाऊन त्याची घसरण झाली आणि त्यानंतर तोही बंद पडला.

मुंबई सिटीची स्थापना 30 ऑगस्ट 2014 रोजी झाली. अभिनेता रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख हे त्याचे मूळ मालक होत. पहिल्या सामन्यात कोलकात्यात 0-3 असा पराभव पत्करलेल्या या संघाने आठवड्याच्या आतच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पुण्याला 5-0 असे हरवले. तरीही पहिली काही वर्षे मोठ्या नावाच्या विदेशी खेळाडूंवर खर्च होऊनही चषक हाती आला नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने 65 टक्के हिस्सा घेतल्यावर चित्र पालटले. मँचेस्टर सिटीबरोबरच अमेरिकेतील न्यूयॉर्क सिटी एफसी हा क्लबही याच समूहाचा असल्याने प्रशिक्षक निवडीपासून खेळाच्या शैलीपर्यंतचे अनुभव मुंबईला आयते मिळू लागले. महासाथीमुळे गोव्यात प्रेक्षकांविना झालेल्या 2020-21 च्या हंगामात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या संघाने एटीके मोहन बागानइतकेच 40 गुण मिळवले, परस्परांतील सामन्यांच्या निकालावर साखळीतील अव्वल स्थानाची शील्ड घेतली, आणि 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बिपिन सिंगने 90व्या मिनिटाला केलेल्या गोलच्या बळावर 2-1 असा विजय मिळवून एकाच हंगामात दोन्ही किताब जिंकणारा पहिला क्लब होण्याचा मान मिळवला. पुढे 2022-23 ची शील्ड आणि 2024 चा चषकही मुंबईकडे आला.

परंतु लीगचे भवितव्य अनिश्चित झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये या समूहाने आपला हिस्सा सोडला आणि मूळ मालकांकडे क्लबचा पूर्ण ताबा परत गेला. हा क्लब बंद पडला नाही, हे खरे; तरीही महिंद्राच्या वेळी जसा, तसाच येथेही निर्णय प्रेक्षकांना डावलून झाला. याउलट मोहन बागान (1889) आणि ईस्ट बंगाल (1920) या कोलकात्याच्या क्लबांचा पाया वर्गणीदार सभासदांनी घातलेला असल्याने पुरस्कर्ते आले-गेले तरी क्लब शतकाहून अधिक काळ उभे राहिले.

ठाकुर्लीसारख्या उपनगरातून पाहिले असता मुंबईतील अशा सभासदांची उणीव अधिक स्पष्ट होते. रेल्वेच्या चोळे पॉवर हाऊसभोवती आणि रेल्वे वसाहतीत वाढलेल्या या गावाला आस्थापनांचे जग परिचयाचे आहे. मुंबई सिटीचे पहिले दोन हंगामही ठाणे जिल्ह्यातील नेरुळमध्येच झाले. 2016 पासून मात्र क्लबचे घरचे मैदान अंधेरीत असून, धीम्या लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने आझादनगर गाठणारा ठाकुर्लीचा प्रेक्षक तिकीट काढतो, पण क्लबच्या कारभारात त्याला मत नसते. भांडवलाने मुंबईला चषक मिळवून दिले, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण मालक गेल्यावरही क्लब टिकवून धरणारा सभासदवर्ग ना कंपन्यांनी घडवला, ना फ्रँचायझीने, आणि म्हणूनच प्रत्येक यशस्वी पर्वानंतर या महानगराला नव्या मालकाची वाट पाहावी लागली आहे.